गाडीच्या मागचा तांबडा दिवा
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



चार जणींपुढे उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. मागच्या महिन्यात याच जागेवरून मोरावळ्यावर इतके सुरेख भाषण झाले की, दुसऱ्या दिवशी मंडईत आवळे मिळेनासे झाले. मला मात्र चिटणीसबाईंनी जो विषय दिला तो ऐकून आमच्या घरात सगळे पोट धरून हसले. ब्रेक दाबलेला नसतानाही मोटारसायकलचा मागचा दिवा पेटून राहतो, तो का, आणि त्याचे काय करावे, हा माझा विषय. बायकांच्या सभेत हा काय विषय, असे तुमच्याही मनात आले असेल. पण चिटणीसबाईंनी एकदा भर दुपारी मला आमच्या अंगणात पाट टाकून, हातात पाना घेऊन गाडीपुढे बसलेली पाहिले, आणि तेव्हापासून त्यांनी माझा पिच्छा सोडला नाही.

मी सातवीपर्यंत शिकलेली आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे चुकले तर तुम्ही सांभाळून घ्याल. आठवीची शाळा दुसऱ्या गावाला होती, मधे ओढा होता, आणि धाकटी भावंडे सांभाळायला घरात कोणी तरी हवे होते. यंत्राशी माझी ओळख म्हणाल तर ती शिवणाच्या मशीनची. वीस वर्षे मी घरी शिवण करते. मशीनचा दोरा का तुटतो, टाका का सुटतो, पट्टा का घसरतो, हे पाहायला मी कधी कोणाला बोलावले नाही. दर वेळी माणूस बोलावला असता तर शिलाईचे पैसे त्यालाच द्यावे लागले असते. एवढ्या भांडवलावर मी या गाडीच्या भानगडीत पडले.

आमच्याकडे साध्या बनावटीची, शंभर सीसीची मोटारसायकल आहे, 2018 साली हप्त्याने घेतलेली. हे साखर कारखान्यावर पाळीने जातात. दुपारची पाळी असली की रात्री बाराला सुटतात आणि मसूरच्या बाजूने कराडकडे येतात. हंगामात त्या वेळी रस्त्यावर काय असते ते तुम्हाला सांगायला नको. उसाचे ट्रॅक्टर, त्यांच्या मागे दोन-दोन ट्रेलर, बैलगाड्या, आणि ज्यांच्या मागे ना दिवा ना तांबडी चकाकणारी पट्टी अशी कितीतरी वाहने.

2023 च्या दिवाळीआधी आमच्या गाडीचा मागचा बल्ब गेला. गॅरेजवाल्याने नवा घातला. तीन आठवड्यांत तोही गेला. पुन्हा नवा घातला. मग सकाळी बटण दाबले तर गाडी नुसती कण्हू लागली. बॅटरी बसली म्हणून बॅटरी बदलली, तिचे बाराशे रुपये. त्यानंतर गॅरेजवाला म्हणाला, सगळे वायरिंग खराब झाले आहे, अडीच हजारांत करून देतो. त्या महिन्यात मुलीच्या क्लासची फी भरायची होती, म्हणून ते राहिले.

आणि नोव्हेंबरातल्या एका रात्री हे साडेबाराच्या ऐवजी दोनला घरी आले. पँट गुडघ्यावर फाटलेली, उजवा हात डाव्या हाताने धरलेला. म्हणाले, "घसरलो. वाळू होती." मी हळद लावली, हात बांधला, काही विचारले नाही. सकाळी दवाखान्यात गेलो तेव्हा मनगटाला चीर गेल्याचे कळले आणि प्लास्टर घातले. हंगामात घरी बसणे म्हणजे काय, हे कारखान्यावरच्या घरांतल्या बायकांना ठाऊक आहे.

खरे काय झाले ते मला दोन दिवसांनी शेजारच्या वहिनींकडून समजले. त्यांचे मालक त्याच पाळीला असतात. पुढे उसाची बैलगाडी आली म्हणून यांनी ब्रेक लावला. मागून टेम्पो येत होता. त्याला हे थांबताहेत ते कळलेच नाही. त्याने शेवटच्या क्षणाला गाडी काढली म्हणून नुसता कोपरा लागला, आणि हे चारीत पडले. टेम्पोवाला उतरून यांना उठवता उठवता म्हणाला होता म्हणे, "अहो भाऊ, तुमचा ब्रेकचा दिवा मैलभर पेटलेलाच आहे. तुम्ही आत्ता ब्रेक लावलात हे मी कशावरून ओळखायचे?"

भगिनींनो, त्या माणसाचा मला राग आला नाही. त्याचे म्हणणे मी दिवसभर डोक्यात घोळवीत राहिले. रात्री सगळे झोपल्यावर मी हळूच दार उघडले, गाडीला चावी लावली, फिरवली, आणि मागे जाऊन पाहिले. ब्रेकला कोणाचा हातही नाही, पायही नाही, आणि दिवा भक्क पेटलेला. मागची भिंत सगळी तांबडी झालेली.

आता हे इतके दिवस कोणाच्या लक्षात कसे आले नाही? कारण अगदी साधे आहे. गाडी चालवणाऱ्याला आपली पाठ दिसत नाही. दुसरे असे की, 1 एप्रिल 2017 पासून आपल्या देशात ज्या दुचाकी तयार होतात, त्यांचा पुढचा दिवा इंजीन चालू असेतोवर दिवसाही जळतो, आणि त्याच्याबरोबर मागचाही. त्यामुळे मागे तांबडे दिसले तरी बघणाऱ्याला वाटते, असेलच तो, हल्ली सगळ्यांचाच असतो. पण मागच्या बल्बच्या पोटात दोन तारा असतात. एक बारीक, 5 वॅटची, ती नेहमी जळण्यासाठी. दुसरी 21 वॅटची, ती फक्त ब्रेक लावल्यावर जळण्यासाठी. म्हणजे ब्रेकचा उजेड चौपटीहून जास्त. मागचा माणूस उजेड वाढला की सावध होतो. उजेड आधीच वाढलेला असला तर त्याला वाढलेला कसा दिसणार? आणि ती जाड तार सतत जाळली की लवकर तुटते. तुटली की नेहमीचा मंद दिवा तेवढा राहतो, आपल्याला वाटते सगळे ठीक झाले, आणि प्रत्यक्षात ब्रेकचा दिवाच उरलेला नसतो. आमचे दोन बल्ब का गेले त्याचा उलगडा मला इथे झाला.

बॅटरीचे कोडे मुलीने सोडवले. ती तेव्हा नववीत होती. 21 भागिले 12 करून ती म्हणाली, "आई, हा दिवा पावणेदोन अँपिअर खातो." आमची बॅटरी तीन अँपिअर-तासांची. हे काट्यापुढे उसाच्या गाड्यांच्या रांगेत अडकले की इंजीन बंद करीत, पण चावी तशीच ठेवीत. इंजीन बंद, चावी चालू आणि दिवा पेटलेला, असे दीड-पावणेदोन तास झाले की भरलेली बॅटरीही रिकामी होणार. जुन्या बॅटरीत दोष नव्हताच, असे मी म्हणत नाही, पण तिला उपाशी ठेवून वर तिलाच मरतुकडी म्हणण्यासारखे ते झाले.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजवर गेले. तिथे मला जे उत्तर मिळाले ते सांगताना आजही बरे वाटत नाही. "वहिनी, तुम्हाला यातले काय कळणार? साहेबांना पाठवा." साहेबांचा हात गळ्यात बांधलेला, हे मी सांगितले. तो म्हणाला, मग बरे झाल्यावर पाठवा. मी गाडी ढकलत घरी परत आणली. आता इथून पुढे माझा हट्ट सुरू झाला, हे कबूल करते.

गाडीबरोबर आलेले पुस्तक इंग्रजी होते. मुलीने वाचून सांगितले. त्यातून एवढे निघाले की, मागच्या एकाच दिव्याला दोन स्विच असतात. एक उजव्या मुठीजवळ, हाताच्या ब्रेकपाशी. दुसरा खाली उजव्या पायाशी, पायातल्या ब्रेकपाशी. दोन्हींपैकी कोणताही एक लागला की दिवा लागतो. म्हणजे जिन्यातल्या दिव्याला खाली एक आणि वर एक बटण असते तसे नव्हे. तिथे एकाने लावलेला दुसऱ्याने विझवता येतो. इथे दोन्ही सुटल्याशिवाय दिवा विझत नाही.

मुठीजवळचा स्विच कसा चालतो हे मला मुलीने सांगण्याआधी आमच्या फ्रिजने सांगितले होते. फ्रिजचे दार लागले की कडेचे एक छोटे बोंड आत दाबले जाते आणि आतला दिवा विझतो. दार उघडले की बोंड बाहेर येते आणि दिवा लागतो. ब्रेकची मूठ अगदी तशीच. मूठ सैल असते तेव्हा तिचे टोक त्या बोंडावर टेकलेले असते, दिवा बंद. मूठ ओढली की टोक सरकते, बोंड सुटते, दिवा लागतो. मग मूठ पूर्ण मागे आली नाही, केबल कोरडी पडून अडखळली, किंवा बोंडच झिजले, तर दिवा पेटलेलाच राहणार. दार नीट न लागलेल्या फ्रिजसारखा. मी मूठ बोटाने बाहेरच्या बाजूला ढकलून पाहिली. दिवा तसाच. स्विचच्या दोन वायरींची टोके काढली. दिवा तसाच. म्हणजे मुठीचा दोष नव्हता.

पायाकडचा स्विच जरा निराळा. एका पत्र्याच्या पट्टीत तो नटाने बसवलेला असतो, त्याच्या खालून एक दांडी निघते, आणि तिला बारीक स्प्रिंग लावून ती पायातल्या ब्रेकला अडकवलेली असते. पाय दाबला की स्प्रिंग दांडीला खाली ओढते आणि दिवा लागतो. मी खाली वाकून ब्रेकचे पायडल हाताने वर उचलले, आणि दिवा विझला! सोडले, पुन्हा लागला. उचलले, विझला. मला इतका आनंद झाला की, मी मुलीला हाक मारून चारदा ते करून दाखवले. पुस्तकात लिहिले होते की, स्विच हाताने घट्ट धरावा, तो फिरू देऊ नये, नाहीतर वायरी पिळवटतात. आणि फक्त नट फिरवून तो खाली-वर करावा. वर घेतला तर दिवा लवकर लागतो, खाली घेतला तर उशिरा. मी स्विच खाली घेतला. दिवा विझला. पाय दाबला, लागला. सोडला, विझला. एक पैसा खर्च न करता काम झाले. संध्याकाळी मी शिरा केला. यांनी शिरा खाल्ला, पण बोलले काही नाहीत. गाडीला मी हात लावावा हे त्यांना रुचले नव्हते.

आणि बायांनो, इथेच माझे चुकले. या सभेत मला उभे राहायचे होते ते खरे म्हणजे हे सांगण्यासाठी.

गाडी बरी झाली म्हणून चार दिवसांनी आमचे भाऊजी ती घेऊन उंब्रजला गेले. परत आले ते कुरकुरतच. "वहिनी, गाडी ओढत नाही. ॲक्सिलेटर सोडला की जागच्या जागी थांबते. आणि कसला तरी जळका वास येतोय." मी मागच्या चाकाच्या मधल्या गोलाला, त्याला ड्रम म्हणतात, बोट लावले आणि चटकन मागे घेतले. तव्याला बोट लागावे तसे भाजले. गाडी मधल्या स्टँडवर चढवून चाक हाताने फिरवले. फिरवून सोडले की चाक गरगर फिरत राहिले पाहिजे. हे अर्धा वेढा फिरून थांबले. आतून खसखस आवाज.

मुलगी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "आई, दिवा खोटे बोलत नव्हता. ब्रेक खरोखरच लागलेला होता."

मी पाटावर तशीच बसले. पायडल हाताने उचलल्यावर दिवा विझत होता, याचा अर्थ पायडल आपण होऊन वर येत नव्हते. तिकडे मी पाहिलेच नाही. मी स्विच खाली सरकवला आणि दिव्याला गप्प बसवले. दूध उतू जाते म्हणून आच कमी करायची सोडून नाकाला पदर लावावा, तसे. भाऊजी अठरा-वीस मैल त्या गाडीवर फिरून आले होते. ब्रेक असा घासत राहिला की आतले लायनर तापून गुळगुळीत होतात, आणि मग खरोखर थांबायची वेळ आली की ब्रेक हवा तसा धरत नाही. त्यांना काही झाले असते तर जाऊबाईंना मी तोंड कसे दाखवले असते, हा विचार त्या रात्री माझ्या डोक्यातून गेला नाही.

या वेळी मी एकटीने पराक्रम केला नाही. बसस्थानकामागे एक वयस्कर मेस्त्री बसतात, त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले. मग पायडल ज्या दांड्यावर फिरते तो दांडा काढून माझ्या हातावर ठेवला. शेताची काळी माती त्यावर वाळून सिमेंटसारखी झाली होती आणि ग्रीसचा थेंब नव्हता. त्यांनी विचारले, "गाडी कुठे धुता?" हे दर रविवारी धुण्याच्या सेंटरवर जोराच्या फवाऱ्याने गाडी धुऊन आणीत. चकचकीत दिसे. पण तो फवारा सांध्यांतले ग्रीस काढतो आणि स्विचमध्येही पाणी घालतो. पायडलला परत वर ओढणारी जी मोठी स्प्रिंग असते तीही ताणून लांबली होती. चाक उघडल्यावर ब्रेक शू उघडणारा जो आतला दांडा असतो, तोही कोरडा निघाला. मेस्त्रींनी दांडे डिझेलने धुऊन ग्रीस लावले, पण किती बेताने! म्हणाले, यातला एक थेंब लायनरवर गेला तर ब्रेक गेला म्हणून समजा. नवी स्प्रिंग, नवे शू आणि मजुरी मिळून वायरिंगच्या त्या अडीच हजारांच्या पावभरही पैसे लागले नाहीत.

मग त्यांनी मला क्रम शिकवला, तो मी जन्मभर विसरणार नाही. आधी पायडल मोकळे करायचे. ते आपण होऊन वर आलेच पाहिजे. मग ब्रेकचा मोकळा खेळ बघायचा. पायडल दाबल्यावर ब्रेक धरू लागेपर्यंत ते साधारण 20 ते 30 मिलिमीटर सहज खाली जायला हवे, म्हणजे बोटाची जाडी सव्वा ते दीड धरा. तोही मागच्या चाकापाशी असलेल्या नटाने लावता येतो. शिवाय चाक हाताने मोकळे फिरते ना, ते पाहायचे. आणि हे सगळे झाल्यावर, सर्वांत शेवटी, दिव्याचा स्विच. ब्रेक धरण्याच्या किंचित आधी दिवा लागावा, असा. मी पहिल्यांदा शेवटचे केले होते. मशीनचा टाका सुटतो म्हणून सुई-दोरा न पाहता आधी टेन्शनचा स्क्रू पिळणाऱ्या नवशिक्या मुलींना मी किती वेळा रागावले असेन!

तुमच्यापैकी बऱ्याच जणींकडे गिअर नसलेल्या स्कूटर आहेत. त्यांचे दोन्ही ब्रेक हातांत असतात, म्हणून दोन्ही स्विच मुठींपाशीच असतात. बाकी सगळे तेच. मात्र स्कूटरला आणखी एक गंमत आहे. डाव्या मुठीजवळ पुष्कळ गाड्यांना ब्रेक अडकवून ठेवण्याची एक छोटी खुंटी असते, उतारावर गाडी उभी करताना वापरायची. आपल्या एका भगिनी, त्यांचे नाव मी सांगणार नाही, ती खुंटी तशीच ठेवून मंडईपर्यंत गेल्या. गाडी जड चालते म्हणून पेट्रोलला नावे ठेवीत होत्या. आणि यांच्यासारख्या पुरुषांची एक खोड असते, उजवा पाय सदा ब्रेकवर टेकवून ठेवायची. मोठ्या चपलेचे वजनही त्या बारीक स्प्रिंगला पुरते. गाडीत दोष शोधण्याआधी पाय कुठे आहे ते बघावे.

दोन्ही स्विचच्या वायरी काढूनही दिवा पेटलेलाच राहिला, तर मात्र दोष वायरीत समजावा. हँडल रोज शंभरदा इकडे-तिकडे वळते, तिथे वायरीवरचे आवरण घासते. सीटखाली हत्यारांच्या पिशवीखाली वायर चेंगरते. उघडी पडलेली तार दुसरीला लागली की स्विचची गरजच राहत नाही. बल्बच्या दोन आखूड खुंट्या वर-खाली असतात, त्यामुळे तो एकाच बाजूने बसतो. कोणी जोर करून उलटा बसवला तर नेहमीच्या जागी जाड तार जळते. नव्या गाड्यांना बल्ब नसून एलईडीचा बंद डबा असतो, त्यात आपल्याला हात घालता येत नाही, पण स्विच तपासायची रीत तीच. वायरी जोडण्याच्या फंदात मी पडत नाही, तुम्हीही पडू नका. आमच्या गल्लीत एका मुलाने दिवा विझत नाही म्हणून मागची वायरच उपटून टाकली. झाली दुरुस्ती! त्याच्या मागून मी तरी गाडी चालवायला कोणाला सांगणार नाही.

घरी एकटीने तपासायचे असेल तर फार सोपे आहे. दिवस मावळला की गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा. चावी फिरवा. मागे वळून भिंत पाहा. एकेक ब्रेक दाबा आणि सोडा. भिंत दर वेळी तांबडी झाली आणि दर वेळी काळी झाली की तुम्ही निर्धास्त.

यांचे प्लास्टर महिन्याने निघाले. गाडीविषयी आमच्यात पुष्कळ दिवस बोलणे नव्हते. घसरलो म्हणून मला का सांगितलेत, हे मी विचारले नाही, आणि मी भाऊजींना कशी गाडी दिली हे त्यांनी विचारले नाही. पुन्हा दुपारची पाळी सुरू झाली त्या दिवशी त्यांनी डबा घेतला, गाडी बाहेर काढली, आणि पाठमोरेच म्हणाले, "अगं, बघ जरा मागे." मी ओट्यावर होते. त्यांनी पाय दाबला. मी म्हटले, "लागला." सोडला. "विझला." मग मूठ. "लागला. विझला." आणि गेले. तेव्हापासून दुपारच्या पाळीला हे रोज चालते. मी शेजारी गेले असले तर मुलगी सांगते.

पुष्कळ वेळ घेतला. आतून चहाचा वास येतो आहे. ज्यांच्या गाड्या बाहेर उभ्या आहेत त्यांनी किल्ल्या जवळ ठेवाव्या, चहानंतर मागची भिंत आपल्याला मोकळी आहे. पहिली गाडी अध्यक्षीणबाईंची घेऊ या, कारण येताना मी रिक्षातून त्यांच्या मागेच होते, आणि पुलापासून इथपर्यंत त्यांचा दिवा काही विझला नाही.